सही करण्याआधी

चि. … यास,
अनेक आशीर्वाद.

परवा कर्जमंजुरीच्या मेसेजचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "काकू, फक्त बारा टक्के!" बाईक घ्यायला माझी ना नाही. नोकरी हिंजवडीला, खोली कात्रजला, गाडी लागणारच. पण त्या बारा टक्क्यांचा हिशेब आपण एकदा मांडू.

कर्ज १,२०,०००, मुदत एक वर्ष, बारा टक्के फ्लॅट. व्याज झालं १४,४००, हप्ता ११,२००. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण मुद्दलावर वर्षभर व्याज. तू मात्र दर महिन्याला मुद्दल फेडत असतोस. सहा हप्ते गेले की जवळपास निम्मं परत केलेलं असतं, तरी व्याज सगळ्यावर चालूच. घटत्या मुद्दलावर तोच हिशेब केला तर दर साडेएकवीसच्या घरात जातो. त्यात प्रोसेसिंग फीचे ३,६०० आणि विम्याचे २,४०० आधीच कापले, तर तुझ्या हातात येतात १,१४,००० आणि खरा दर जातो एकतीसच्या वर.

हा खरा दर कर्ज देणाऱ्याने सहीआधी तुला लिहून द्यायचा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो की फायनान्स कंपनी, बाईकच्या कर्जासकट प्रत्येक वैयक्तिक कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात फी, विमा सगळं धरून एकच वार्षिक दर असतो, त्याला एपीआर म्हणतात. तो कागद तुला समजणाऱ्या भाषेत मागता येतो, तेव्हा मराठीत माग. त्यात न लिहिलेला कोणताही आकार तुझ्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आठवड्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला तो कागद वाचून विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. "ऑफर आजच संपतेय" असं कोणी म्हणालं तर हे तीन दिवस आठव.

मी कागदाचा इतका हट्ट का धरते ते सांगते. १९९१ साली आम्ही हप्त्यांवर फ्रिज घेतला. छापील फॉर्ममध्ये दंडाचा रकाना कोरा होता. "ते आम्ही भरतो, तुम्ही सही करा," म्हणाले, मी केली. दुसरा हप्ता चार दिवस उशिरा गेला आणि त्या रकान्यात आकडा उगवला, दरमहा पाच टक्के. माझी सही निळ्या शाईची, आकडा काळ्या. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्येच झाला होता, दाद मागायला मंच होता. पण फॉर्मची प्रत माझ्याकडे नव्हती. काय दाखवणार? निमूट पैसे भरले, आणि त्याची चुटपुट आजही आहे.

सही केलेल्या कागदाचा हा धाक जुनाच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. जाळण्यासाठी त्यांनी काय मागितलं? गहाणखतं आणि कर्जरोखे. अंगठा उठवलेला तो कागद न्यायालयात सावकाराच्या बाजूने बोलायचा. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला तेव्हा न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती आणि ते कसं फुगलं, हे तपासता येऊ लागलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला 'अनुचित करार' मला त्याच वाटेवरचा वाटतो. झालेल्या चुकीच्या मानाने अवाच्या सवा दंड, किंवा ठरलेलं शुल्क देऊनही मुदतीआधी कर्ज फेडू न देणं, अशा अटींना सही असली तरी राज्य ग्राहक आयोगापुढे आव्हान देता येतं.

हप्ता चुकलाच तर घाबरून फोन बंद करू नकोस. एप्रिल २०२४ पासून दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही. कर्ज देणारं अ‍ॅप तुझे कॉन्टॅक्ट किंवा फोटो मागू लागलं तर तिथेच काढून टाक, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसतच नाही. नातेवाइकांना फोन करून अब्रू काढण्याचा धंदा त्याच यादीवर चालतो, आणि त्यात पोरं जिवाला मुकली आहेत.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही. कुठे जायचं ते कळेना तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं.

उद्या त्यांच्याकडून ते स्टेटमेंट मागून घे आणि सगळी पानं मला पाठव, मागची बारीक अक्षरांचीसुद्धा. शनिवारी मी घरीच आहे, चष्मा लावून बसते. आईला नमस्कार सांग.

तुझी,
काकू