आग्या मोहोळ गॅलरीत बसलंय? रविवारी फवारणी होऊ देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. पुण्यात वारज्याला चौथा मजला, स्वयंपाकघराच्या गॅलरीत वरच्या स्लॅबला आग्या मोहोळ, घरात नुकतं चालायला लागलेलं बाळ आणि सासूबाई. त्यात सोसायटीच्या ऑफिसनं तुम्हाला न विचारताच सांगून टाकलंय की रविवारी पेस्ट कंट्रोलवाले येतील, दारं-खिडक्या लावून बसा. कर्वेनगरला आमच्याकडे अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी मधमाश्यांची तज्ज्ञ नाही, डॉक्टरही नाही. आमच्या घरात जे घडलं आणि त्यानंतर जाणकारांकडून जे शिकले तेवढंच सांगते.

पोळ्याला डिवचू नये, खाली जाळ-धूर करू नये, गच्चीवरून पतंगाचा मांजा तिकडे जाऊ देऊ नये हे तुम्हाला माहीत असणारच. ते सोडते.

तुमच्या फोटोत एकच मोठं, उघडं, अर्धगोल पोळं दिसतंय आणि त्यावर माश्यांचा काळसर थर आहे. म्हणजे आग्याच. सातेरी जातीची मधमाशी असती तर मीटरच्या पेटीत, भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत लपून बसली असती आणि तिची पोळी एकाशेजारी एक अशी अनेक असतात. फुलोरी या छोट्या मधमाशीचं पोळं तळहाताएवढं, कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या फांदीवर. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या ऑफिसनं जे सांगितलंय ना, "ते लोक माश्या पेटीत भरून शेतात सोडतात", ते आग्याच्या बाबतीत होऊच शकत नाही. पेटीत सातेरी राहते, परदेशातून आणलेली मेलिफेरा जातीची माशी राहते. आग्या उघड्यावर एकच पोळं बांधते आणि फुलोरा संपला की जागा सोडते, ती पेटीत टिकत नाही. आग्यासाठी पेटीचं आश्वासन देणाऱ्याला एक तर काही माहीत नाही, नाहीतर त्याच्या पंपात विष आहे.

आमच्याकडे विष होतं. आम्ही दोघांनी आधी ऑफिसात जाऊन सांगितलं होतं, पत्रही दिलं होतं की दिवसा काही करू नका, आणि खरंतर काहीच करू नका. उत्तर मिळालं, "सगळ्यांच्या तक्रारी आहेत, निर्णय झालाय." भर दुपारी दोन माणसं आली, हातात फवारणीचा पंप. पेटी-बिटी कसली नाहीच. दुपारी बऱ्याच कामकरी माश्या बाहेर फुलांवर गेलेल्या असतात. त्या संध्याकाळपर्यंत परत येत राहिल्या, पोळं जागेवर नाही म्हणून त्याच कोपऱ्यात घिरट्या घालत राहिल्या, आणि पुढचे काही दिवस जो दिसेल त्याच्या अंगावर जात होत्या. नोटीस फक्त आमच्या विंगच्या फळ्यावर होती. सासरे बँकेतून पासबुक भरून मागच्या गेटनं आले, त्यांना काहीच कल्पना नव्हती. जिन्यात मानेवर, कानामागे, डोक्यावर माश्या चावल्या. रात्र दवाखान्यात काढावी लागली.

गॅलरीत जे पडलं होतं ते मी विसरू शकत नाही. वॉशिंग मशीनच्या झाकणावर मध टपकत होता, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मधाकडे आलेल्या मुंग्या कडेलाच मरून पडल्या होत्या. आणि खाली गेटपाशी त्याच पोळ्याचा मध ती माणसं वॉचमनकडून डबे मागून भरत होती, विकायला. मी ओरडून सांगितलं तेव्हा दोन बायकांनी डबे परत ठेवले. बाकीच्यांनी घरी नेला असेल तर काय झालं असेल, मला आजही कळत नाही.

नंतर ऑफिसात गेलो तर "नोटीस लावली होती" एवढंच. फवारलेल्या औषधाचं नाव विचारलं, ते त्यांना माहीत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला होता, उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. बिल आमचं आम्ही भरलं, त्याचं मला काही नाही. पण आपण आधी लेखी सांगूनही म्हाताऱ्या माणसाला त्रास झाला आणि कोणी साधं घरी येऊन विचारलं नाही, हे अजून जात नाही. असो. राग इथं काढून उपयोग नाही, पण तुमच्या ऑफिसची भाषा वाचली आणि सगळं आठवलं.

आणि एवढं करून पुढच्या थंडीत त्याच जागी नवीन पोळं! कारण त्या माणसांनी पोळं ओढून काढलं, पण स्लॅबला चिकटलेलं मेण तसंच ठेवलं. जुन्या मेणाच्या वासानं नवीन थवा ती जागा शोधून काढतो. मोहोळ गेल्यावर तो डाग पत्र्यानं खरवडून, गरम पाणी आणि साबणानं घासून, वर रंगाचा हात मारायचा. शिवाय जाळी बसवली तर उत्तमच. हे काम फवारणीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि कोणीच करत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही अडून बसलो. पत्र, सह्या, सगळं. खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या बाजूनं उभ्या राहिल्या म्हणून जमलं. माश्या राहिल्या आणि उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाचे ढग यायला लागल्यावर, आपण होऊन गेल्या. आग्या साधारण पावसाळ्यानंतर येते आणि पुढच्या पावसाच्या आधी निघते, पुण्यात हेच बघायला मिळतं. आत्ता काटेसावर-पांगारा उमललेत, मग करंज, कडुनिंब, गुलमोहर. तेवढं संपलं की तुमच्याही जातील.

तोपर्यंत राहायचं कसं? गॅलरीचं दार बंद आणि त्याला बारीक जाळी. कपडे दुसऱ्या बाजूला वाळत घाला, नाहीतर पांढऱ्या चादरीवर हळदीसारखे पिवळे ठिपके पडतील. ती माश्यांची विष्ठा असते, सगळ्या एकदम बाहेर उडून टाकतात. खाली लावलेल्या गाड्यांवरही तेच दिसेल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे भांडण होणार नाही.

बाळासाठी सगळ्यात मोठा धोका पोळ्याचा नाही, रात्रीच्या दिव्याचा आहे. आग्या अंधारातही उडते, चांदण्यात तर चरायलाही जाते, आणि ट्यूबलाइटकडे खेचली जाते. रात्री दिव्याभोवती फिरून सकाळी फरशीवर निपचित पडलेली माशी बाळाच्या पायाखाली आली तरी नांगी मारते. तिन्हीसांजेला त्या बाजूच्या खिडक्या लावा, जाड पडदे ओढा, गॅलरीतला दिवा लावूच नका, आणि सकाळी बाळाला खाली सोडण्याआधी केरसुणीनं स्वयंपाकघर झाडून घ्या. आम्ही हे रोज केलं. घरात कोणालाही एकदाही चावली नाही.

काचेआडून बघायला मात्र मुलांना बोलवा. मोठी गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकामागून एक पोट वर उचलतात आणि संपूर्ण पोळ्यावरून एक लाट सरकत जाते. माझ्या मुलीनं त्या उन्हाळ्यात सुट्टीचा निम्मा वेळ त्या काचेपाशी काढला. कधी मोहोळघारही येते, पोळ्यावर झडप घालून तुकडा नेते. तेव्हा माश्या खवळतात, त्या दिवशी सगळी दारं लावून घ्या.

चावलीच तर: तिथून लगेच लांब जा, आत शिरा, दार लावा. हात झटकू नका, चेहरा झाका. काटा त्वचेत राहिला तर नखानं किंवा कार्डाच्या कडेनं ताबडतोब खरवडून काढा, कारण तो माशीपासून तुटल्यावरही विष सोडत राहतो आणि त्याच्या वासानं बाकीच्या तिथेच येतात. तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो. साबणानं धुवा, बर्फ लावा. चुना, हळद, लोखंड घासणं यावर मी वेळ घालवणार नाही, हे माझं मत. ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या, दम लागला, चक्कर आली, किंवा एकाच वेळी बऱ्याच चावल्या तर थेट मोठ्या दवाखान्यात जिथे इमर्जन्सी आहे. बाळ आणि सासूबाई यांच्या बाबतीत वाट बघूच नका. सासूबाईंना बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

काढणं अगदीच भाग असेल, म्हणजे घरात कोणाला मधमाशीची जीवघेणी अ‍ॅलर्जी असेल, तर अंधार पडल्यावर, विष न वापरता, धुरानं माश्या उठवून पोळं उतरवणारे जाणते लोक असतात. आपल्या पुण्यातच गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. आधी तिथे चौकशी करा. इंटरनेटवरच्या पहिल्या नंबरला फोन करू नका.

विषयांतर होतंय, पण मे महिन्यात मुलांना घेऊन महाबळेश्वरला जाणार असाल तर मांघर गावाला जरूर जा. २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. सातेरीच्या पेट्या तिथे जवळून बघता येतात. सासूबाईंची भीती कमी व्हायलाही उपयोग होईल, आमच्या सासऱ्यांना झाला.

आता रविवारचं. तोंडी बोलू नका, आजच पत्र द्या, चेअरमन आणि सेक्रेटरी दोघांच्या नावे, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. त्यात विचारा: कोणती कंपनी येणार, तिच्याकडे व्यावसायिक कीटकनाशक फवारणीचा परवाना आहे का (कीटकनाशके अधिनियम १९६८ खाली तो लागतो, परवान्याची प्रत मागा), कोणतं औषध वापरणार, किती वाजता, सगळ्या विंगना आणि दोन्ही गेटना सूचना कशी देणार, आणि कोणी जखमी झालं तर जबाबदार कोण. तुमच्या गॅलरीत यायचं तर तुमच्या घरातून किंवा गच्चीवरून दोर सोडूनच यावं लागेल. घरातून येऊ देणार नाही हे स्पष्ट लिहा. घरात नुकतं चालायला लागलेलं मूल आणि ज्येष्ठ नागरिक आहेत हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. वर-खाली, शेजारी राहणाऱ्यांच्या सह्या जमल्या तर घ्या, दोन-चार मिळाल्या तरी चालतील. औषधाचं नाव लेखी मिळेपर्यंत अडून राहा. मला वाटतं, त्या एका प्रश्नावरच बहुतेक रविवार पुढे ढकलला जाईल.