गुडघ्याची वाटी बदलल्यावर पहिले दिवस
ताई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चालायची भीती वाटते म्हणालात, ती वाटणारच. माझ्या गुडघ्याची वाटी बदलली तेव्हा परभणीच्या घरातला चार बोटांचा उंबराही मला बालाघाटाचा डोंगर वाटायचा. सध्या एवढंच बघा.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. दुखऱ्या बाजूला धरणं ही बहुतेकांची पहिली चूक. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. रोज ओट्याला दोन्ही हात टेकवून उभं राहा, वजन हळूच डावीकडून उजवीकडे न्या. एक भाकरी भाजून होईस्तोवर, बास. एका पायावर उभं राहणं फिजिओथेरपिस्टनं सांगितल्यावरच.

बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊ नका, पाय सरळ व्हायला त्रास होतो. मी घेतली अन् महिनाभर भोगलं. ओली शहाबादी फरशी, सैल चप्पल टाळा. संध्याकाळी सूज वाढली तर उद्या कमी चाला. पोटरी दुखून सुजली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.