पित्त अंगावरचं, पोटातलं नाही

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय ३८, आजवर कधी कशाची ॲलर्जी नव्हती. मागच्या रविवारी वर्धा रोडच्या एका लॉनवर पुतणीचं लग्न होतं, त्याआधी आठवडाभर घरात सगळ्यांना सर्दी, माझाही घसा धरलेला, त्यात हे मे महिन्याचं ऊन, डोकं इतकं ठणकत होतं की सात वाजता पर्समधली दुखण्याची गोळी घेतली, नऊला जेवलो आणि घरी येऊन साडी बदलत होते तर तळहाताला खाज सुटली. मग कमरेला, जिथे परकराची नाडी बसते तिथे, मग मांड्या, पाठ, अर्ध्या तासात अंगभर लालबुंद गांधी, एकमेकीत मिसळून नकाशासारख्या, खाजवलं की अजून फुगायच्या. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही होत, पित्त उठलं, आमसुलाचं पाणी लाव अन् गोधडी घेऊन नीज." आमसूल लावलं, थंड दूध प्यायले, ॲसिडिटीची गोळी घेतली, बोटं घालून उलटी केली, गरम पाण्याने आंघोळ केली आणि त्यानंतर तर भल्ली खाज सुटली, रडूच आलं. पहाटे वरचा ओठ सुजला तेव्हा हे घाबरले, जवळच्या हॉस्पिटलात नेलं, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात सगळं बसलं आणि पुढचं काही न सांगता घरी पाठवलं. संध्याकाळी पुन्हा उठलं. आज पाचवा दिवस आहे. सकाळी अंग एकदम साफ असतं, कोणाला दाखवावं तर आपणच खोटं बोलतोय असं वाटतं, आणि दिवे लागले की पुन्हा सुरू. वांगं, दही, आंबा, अंडं, शेंगदाणे सगळं बंद केलं, फक्त वरण-भात खाते. ॲलर्जीची मोठी रक्ततपासणी कर असं सगळे सांगतायत, करू का? आणि खरं सांगू, रात्र झाली की भीती वाटते, झोपेत घसाच सुजला तर?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. ओठ किंवा पापण्या सुजणं म्हणजे तीच गांध, फक्त कातडीच्या खालच्या थरात उठलेली, दिसायला भयानक असते, उतरायला एक ते तीन दिवस लागतात, पण नुसत्या ओठाच्या सुजेने श्वास बंद होत नाही. धोका कळतो तो घशावरून. आवाज घोगरा झाला, थुंकी गिळता येईना, जीभ जड किंवा जाड वाटली, छातीतून सूं-सूं आवाज आला, दम लागला, डोळ्यापुढे अंधारी आली, किंवा गांधींसोबत उलट्यांवर उलट्या, पोटात कळा सुरू झाल्या, तर यातलं एकही दिसलं तरी आमसूल नाही, ॲलर्जीची सेट्रिझिन गोळीही नाही, सरळ १०८ ला फोन. तिथे लागतं ते ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि ते मिनिटांत काम करतं. ॲलर्जीची गोळी नुसती खाज अन् गांधी घालवते आणि स्टेरॉइडला परिणाम दाखवायला काही तास लागतात. गाडी येईपर्यंत माणसाला पाय वर करून आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसतं ठेवा, चालवत जिना उतरवू नका. आणि एकदा ॲड्रेनॅलिन द्यावं लागलं तर बरं वाटतंय म्हणून लगेच घरी पळायचं नाही, काही तासांनी हाच त्रास परत येऊ शकतो म्हणून दवाखान्यात नजरेखाली राहायचं.

शिकत होते तेव्हाची एक रात्र मला अजून आठवते, चाळिशीचा माणूस, घरच्यांनी दोन तास आमसूल चोळलं, आवाज बसला तरी "पित्त आहे, उतरेल" म्हणत राहिले. तो वाचला, पण थोडक्यात. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला हेच सांगते की अंगावर कितीही उठू दे, नजर घशावर ठेवा.

आता तुमच्यापुरतं. असा जीवघेणा प्रकार बहुतेक वेळा बाधलेली वस्तू पोटात किंवा अंगात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत दिसतो. पाच दिवस नुसती गांध उठतेय-बसतेय, श्वासाला काही नाही, अशा माणसाचा घसा झोपेत एकाएकी बंद होणं फार क्वचित. तुम्ही झोपा ताई. तुमच्या यांना वरची लक्षणं वाचून दाखवा, फोन उशाशी ठेवा आणि झोपा.

सासूबाईंवर रागावू नका, गोंधळ शब्दाचा आहे. आपण पोटातल्या आंबटलाही पित्त म्हणतो आणि अंगावरच्या गांधींनाही, आयुर्वेदातलं शीतपित्त हे नावही किती जुनं आहे, त्यामुळे पिढ्यानपिढ्या माणसं अंगावर उठलं की पोटाकडे धावतात. खरं काय होतं, तर कातडीत मास्ट सेल नावाच्या पेशी असतात, त्या हिस्टामिन भरलेल्या पिशव्यांसारख्या, काहीतरी निमित्त झालं की त्या फुटल्यासारख्या रित्या होतात, त्या हिस्टामिनने जवळच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, पाणी कातडीत उतरतं आणि गांध फुगते, नसा चाळवतात आणि खाज सुटते. यात पोटातल्या ॲसिडचा काही संबंध नाही. थंड दुधाने नुकसान नाही, फायदाही नाही. पण बोटं घालून उलटी करणं बंद करा, अन्ननलिका सोलून निघते आणि हाती काही लागत नाही.

गरम पाण्याने खाज का वाढली तेही यातच आलं, उष्णतेने रक्तवाहिन्या अजून रुंदावतात. गोधडीचंही तेच. आमसुलाच्या पाण्याने जे बरं वाटतं ते त्याच्या गारव्याने, तेवढंच काम ओल्या टॉवेलने होतं आणि खाजवून सोललेल्या कातडीला आंबटाची आग होत नाही. कूलर सुरू करून त्याच्यासमोर सुती, ढगळ गाऊन घालून बसा, अंगावर गार पाण्याचा पंचा, वर कॅलामाइन लोशन. नाडी, इलॅस्टिक, ब्राचा पट्टा, घड्याळ, जिथे दाब तिथे गांध जास्त उठते, म्हणून तुमची सुरुवात तळहातानंतर कमरेपासून झाली. खाजवण्याऐवजी तळहाताने दाबून धरा, नखाच्या प्रत्येक ओरखड्याने मास्ट सेल पुन्हा चाळवतात.

औषधाचं. तुम्हाला दिलेल्या इंजेक्शनचा असर काही तासच टिकतो, पेशींची चाळवाचाळव मात्र अजून संपलेली नव्हती, म्हणून संध्याकाळी पुन्हा. इथेच तुम्हाला नीट सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. याला गोळी रोज लागते, उठलं की घेतली आणि बसलं की सोडली असं नाही. सेट्रिझिन १० मिलिग्रॅम, लिव्होसेट्रिझिन ५, लोराटाडिन १०, फेक्सोफेनाडिन १८०, बिलास्टिन २०, यातली कोणतीही एक, दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. तुमचं संध्याकाळी उठतं तर दिवे लागायच्या तास-दोन तास आधी घ्या. सेट्रिझिनने काहींना पेंग येते, तेव्हा गोळी घेऊन गाडी चालवू नका. एका गोळीने भागलं नाही तर डॉक्टर तीच दुप्पट, कधी चौपटपर्यंतही वाढवतात, पण ते त्यांना वाढवू द्या, किडनीचा त्रास असेल तर उलट कमी करावी लागते. अंग पूर्ण शांत झाल्यावरही काही दिवस चालू ठेवून मगच डॉक्टरांना विचारून बंद. स्टेरॉइडच्या गोळ्या फार जोराच्या उठावाला चार-पाच दिवस ठीक आहेत, त्या मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणून महिनाभर खाणारी माणसं मी आठवड्याला पाहते आणि दर वेळी जीव तुटतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि बंद केलं की पित्त दुपटीने परत.

कारण काय? मला दोन संशय आहेत आणि दोन्ही तुमच्याच पत्रात आहेत. एक, ती दुखण्याची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या घराण्यातल्या गोळ्या मास्ट सेलला चाळवतात, घेतल्यापासून काही तासांत उठू शकतं, आणि आधी दहा वेळा घेऊन काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही असं नसतं. दुसरा, तो धरलेला घसा. अचानक उठणाऱ्या पित्ताचं, मुलांमध्ये तर सगळ्यात जास्त, कारण साधं व्हायरल इन्फेक्शन असतं आणि ताप-सर्दी उतरल्यावरही गांधी आठवडा-दोन आठवडे छळतात. माझ्या मते दोन्ही एकत्र आले असावेत. त्या गोळीचं नाव पाकिटावर बघून लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की आधी तो दाखवा, आणि घरी पुन्हा घेऊन बघायचा प्रयोग मुळीच करू नका. तोवर डोकं दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल.

जेवणावर माझा संशय जवळजवळ नाहीच. वांगं, दही, आंबा तुम्ही जन्मभर खात आलात. खाण्याची खरी ॲलर्जी असली की ती वस्तू खाल्ल्यावर दोन तासांच्या आत उठतं, पुढच्या वेळी खाल्लं की पुन्हा उठतं, आणि साधारण दिवसभरात बसतं, वरण-भातावर राहून रोज संध्याकाळी उठत नाही. म्हणून नेहमीचं जेवण सुरू करा, मे महिन्यात आंबा सोडायचं काही कारण नाही. ती मोठी रक्ततपासणीही नको. त्यात रक्तात अमुक अन्नाविरुद्ध अँटिबॉडी दिसल्या असं येतं, पण त्या दिसल्या म्हणजे ते खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही, आणि मग माणसं गहू, दूध, डाळ सगळं सोडून सुकत बसतात. हजारो रुपये जातात ते वेगळेच.

बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत थांबतं. सहा आठवडे उलटले तरी चालू राहिलं तर त्याला जुनाट पित्त म्हणतो, मग त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, रक्ताची साधी तपासणी आणि थायरॉइड बघतील, आणि त्यावर आता ओमालिझुमॅबचं इंजेक्शनही आहे, दर चार आठवड्यांनी, ज्यांना गोळ्यांनी अजिबात उतार पडत नाही त्यांच्यासाठी. खाजगीत परवडत नसेल तर मेडिकल, मेयो या नागपुरातल्या सरकारी हॉस्पिटलांची किंवा मिहानच्या एम्सची त्वचारोग ओपीडी आहेच, मोबाइलमध्ये संध्याकाळच्या गांधींचे फोटो काढून न्या, सकाळी साफ अंग घेऊन गेलात तरी मग कोणी खोटं समजणार नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, अंबाझरीला पळायला जातो, घाम सुटला की छातीवर, मानेवर टाचणीच्या डोक्याएवढे बारीक दाणे उठतात, टोचल्यासारखी खाज येते आणि तासाभरात गायब. तिखट तर्री पोहे खाल्ले तरी कधी कधी होतं. हे घामोळं आहे का?

उत्तर : घामोळं तासाभरात जात नाही. हा पित्ताचाच एक प्रकार, अंगातली उष्णता वाढली की उठणारा, मग ती पळण्याने वाढो, गरम आंघोळीने, तिखटाने की परीक्षेच्या टेन्शनने. तुझ्या वयात बरंच दिसतं. पळणं सोडू नकोस, उन्हं चढायच्या आत जा, वेग हळूहळू वाढव, आणि फारच होत असेल तर डॉक्टरांना विचारून वर लिहिल्यातलीच गोळी रोज. फक्त पळताना दम कोंडला किंवा चक्कर आली तर तिथेच थांब आणि पुन्हा पळायच्या आधी तपासून घे, एकट्याने जाऊ नकोस.

प्रश्न : मला फेक्सोफेनाडिन दिली आहे, मी ती रोज संत्र्याच्या रसासोबत घेतो कारण व्हिटॅमिन सीने ॲलर्जी कमी होते म्हणतात, पण फरकच पडत नाही.

उत्तर : रसच आडवा येतोय दादा. संत्रं, मोसंबी, सफरचंद यांच्या रसासोबत ही गोळी आतड्यातून पुरेशी शोषलीच जात नाही. साध्या पाण्यासोबत घ्या, रस चार तास अलीकडे-पलीकडे. बिलास्टिनचंही असंच आहे, ती रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. बाकी आपलं संत्रं सोलून खुशाल खा.

प्रश्न : आईचं वय ६७, महिन्याभरात दोनदा ओठ आणि जीभ सुजली, खाज नाही, गांधी नाहीत. बीपीची गोळी नवीन सुरू आहे. हेही पित्तच का?

उत्तर : खाज नाही, गांध नाही आणि बीपीची गोळी आहे, हे वाचून मी थांबलेच. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी शेवटी "प्रिल" असलेली गोळी आहे का ते आत्ताच पाकिटावर बघा. या गोळ्यांनी अशी सूज येते, महिनोन्महिने घेतल्यावरही येऊ शकते, आणि ती ॲलर्जीच्या गोळीला दाद देत नाही. असेल तर पुढचा डोस घ्यायच्या आधी, आजच, बीपीच्या डॉक्टरांना फोन करून बदलून घ्या. जीभ पुन्हा सुजली तर रात्रीचे कितीही वाजू देत, हॉस्पिटल.

प्रश्न : बायकोच्या पायावरच्या गांधी दोन-दोन दिवस राहतात, खाजेपेक्षा दुखतात जास्त आणि जाताना निळसर डाग ठेवतात.

उत्तर : एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहा. साध्या पित्ताची गांध २४ तासांच्या आत त्या जागेवरून नाहीशी होते, दुसरीकडे नवी उठते, मागे डाग राहत नाही. तीच गांध त्याच गोलात दुसऱ्या दिवशीही असेल, दुखत असेल, डाग ठेवत असेल तर रक्तवाहिन्यांना सूज असू शकते आणि त्यासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. सोबत ताप किंवा सांधेदुखी असेल तर अजिबात लांबवू नका. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि पेनचा गोल पुसू नका, तसाच घेऊन जा.