वाचक विचारतात : मावळतीचा फोटो

या अंकासाठी किनाऱ्यावरून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. सगळी मावळतीच्या फोटोंबद्दल आहेत.

आंजर्ल्याच्या पुळणीवर आभाळ अगदी शेंदरी झालं होतं. फोटोत ते फिकट पिवळं आलं आणि सूर्याच्या जागी नुसता पांढरा डाग. कॅमेरा ऑटोवर होता. कॅमेरा बदलावा का?

कॅमेरा राहू द्या, ऑटो सोडा. तुमच्या फोटोत दोन चुका एकत्र आल्या आहेत.

पहिली रंगाची. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग आपोआप सावरणारी सोय) शेंदरी उजेड हा दोष वाटतो आणि तो त्यातला केशरीपणा काढून टाकू पाहतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० केल्विनवर ठेवा. रंग अजून उबदार हवा असेल तर क्लाउडी, ६००० च्या आसपास. शेडवर मात्र जाऊ नका, समुद्रसुद्धा चहाच्या रंगाचा होतो.

दुसरी उजेडाची. चौकटीचा खालचा भाग काळपट वाळू आणि पाण्याने भरला की कॅमेरा वाळू उजळायला जातो आणि आभाळ जळतं, म्हणजे पांढरं पडतं. म्हणून मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, स्पॉटवर (चौकटीतल्या एका छोट्या जागेपुरतं) घ्या. सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या शेजारचं आभाळ मोजा, एई लॉक (मोजलेला उजेड धरून ठेवणारं बटण) दाबून धरा आणि मग चौकट बांधा. एई लॉक नसेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ वा काळोखा करण्याची सोय) उणे १ पासून सुरुवात करा. सूर्य पाण्याला टेकत असताना आयएसओ (उजेडाला संवेदनक्षमता) १०० आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप) ला शटर १/१२५ ते १/२५० सेकंदाच्या घरात येतो. तिथून कमीजास्त करा.

फोटो काढल्यावर हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा, पण लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा. मावळतीला लाल आलेख सगळ्यांच्या आधी उजव्या कडेला चिकटतो आणि एकत्रित आलेख तेव्हाही सगळं ठीक असल्याचं दाखवतो. लाल कमाल मर्यादेला पोचला, की हिरवा मागून वाढतो आणि शेंदराचा सपाट पिवळा पट्टा होतो. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय. गेलेल्या छटा नंतर संगणकावर परत येत नाहीत. सावल्या मात्र रॉ फाइलमधून (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) बऱ्याच वर उचलता येतात, म्हणून चूक करायचीच तर काळोखाच्या बाजूने करा. बिंब झळझळीत असताना त्याचा मधला भाग पांढराच येणार, तो वाचवायला जाऊ नका.

गुहागरहून १८-५५ च्या लेन्सने फोटो काढले. सूर्य टिकलीएवढाच येतो.

सूर्य आभाळात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. फोकल लेंथला (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) ११० ने भागलं की सेन्सरवरची, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीवरची, त्याची रुंदी मिळते : १८ मिमीला ०.१६ मिमी, ५५ ला अर्धा मिमी, २०० ला १.८ मिमी. बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर साधारण २४ मिमी रुंद असतो, म्हणजे २०० लाही बिंब रुंदीच्या तेराव्या हिश्शाएवढंच. हाच ११० चा आकडा होडीलाही लावा. १० मीटर लांबीची आडवी होडी ११०० मीटरवर असली, तर ती सूर्याएवढीच रुंद दिसते. बिंबात होडी बसवायची तर ती लांबचीच शोधा आणि जास्त फोकल लेंथची लेन्स घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशा लांब पल्ल्याच्या लेन्समधून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरने (डोळा लावून बघायच्या काचेच्या खिडकीतून) सूर्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मागच्या पडद्यावर चौकट बांधा आणि बिंब तांबडं, मवाळ होईपर्यंत लेन्सवर झाकण राहू द्या. बिंबाची खालची कड टेकल्यापासून वरची बुडेपर्यंत सुमारे सव्वादोन मिनिटंच मिळतात, तेव्हा फोकस आधीच करून ठेवा.

हर्णैला सूर्य सुवर्णदुर्गाच्या बाजूला मावळला. तटामागे कधी येईल?

कोकणात मावळतीची जागा डिसेंबरअखेर होकायंत्राच्या सुमारे २४५ अंशांवर, मार्च आणि सप्टेंबरात २७० वर आणि जूनमध्ये २९५ वर असते. जिथे उभं राहायचं तिथून किल्ल्याची दिशा फोनच्या होकायंत्रावर मोजा आणि त्यावरून महिना ठरवा. मार्च आणि सप्टेंबरात ही जागा रोज बिंबापेक्षा थोडी कमी सरकते, त्यामुळे दोन दिवस चुकले तरी फरक पडतो. डिसेंबरात आठवडाभर ती जवळपास तिथेच असते.

ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब हवंय. मालवणात दोनदा गेलो, दोन्ही वेळा पाणी पार वर आलेलं.

पंचांग बघून जा. किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला पाऊणपट सहा, म्हणजे ऐन मावळतीला पूर्ण भरती. तुम्ही बहुधा त्याच सुमारास गेला असाल. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सहा-सव्वासहापर्यंत पाणी चार तास ओसरलेलं. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदा ते पंचमी हे दिवस तुमचे. वेळ थोडी इकडेतिकडे होते, पण दिवस निवडायला हा हिशेब पुरेसा आहे.

लाट मागे गेल्यावर वाळूवर पाण्याचा पातळ थर काही क्षणच टिकतो, आरसा तोच. कॅमेरा गुडघ्याच्याही खाली आणा. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा बारीक भाग आधी पूर्ण उघडा, म्हणजे त्याचं कुलूप खाऱ्या पाण्याच्या वर राहतं. मग पाय वाळूत दाबून बसवा. नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर ते खचतात आणि क्षितिज कलतं. स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. शटर अर्ध्या सेकंदाला आणलात, तर ओसरत्या पाण्याच्या रेघा उमटतात.

सूर्य बुडाला म्हणून उठू नका. उंचावर पातळ ढग असतील तर त्यांच्या पोटाला खालून उजेड लागतो आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत खरा रंग चढतो.

रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावरचे फोटो धुरकट आले, त्यात हिरवे ठिपकेही आहेत.

ठिपका चौकटीच्या मध्याच्या पलीकडे, सूर्याच्या बरोबर समोर पडत असेल तर ते काचेतलं परावर्तन आहे. यूव्ही फिल्टर काढा, बहुतेक वेळा ठिपका जातो. धुरकटपणा खाऱ्या वाऱ्याचा. अर्ध्या तासात लेन्सवर मिठाचा थर बसतो. आधी ब्लोअरने कण उडवा, मग लेन्सच्या द्रावणाने ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने पुसा. कोरडं पुसलंत तर मिठाचा खडा ओरखडा काढतो. ट्रायपॉड घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. एसी खोलीतून थेट पुळणीवर जाणार असाल, तर कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर थंड काचेवर दव धरतं.