फोर्ड एफ-१५० पिकअपचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल घरी कसं तपासावं आणि बदलावं?

तुमची गाडी: टेक्सासात सेकंडहँड घेतलेली २००२ ची एफ-१५०, ४.६ लिटर व्ही-८, ऑटोमॅटिक. ४५-५० मैलांच्या वेगाला थरथरते, डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या कांडीवरचं) ऑइल तपकिरी दिसतं, आणि कोणीतरी सांगितलंय की इतक्या वर्षांनी ऑइल बदललं तर गिअरबॉक्स (ट्रान्समिशन) बसेल, म्हणजे निकामी होईल. माझं उत्तर: बदला. पण थरथर ऑइलचीच आहे का, हे आधी पाहा, आणि मशिन लावून 'फ्लश', म्हणजे जुनं ऑइल ढकलून नवं भरणं, करून घेऊ नका.

गिअरबॉक्स कोणता हे आधी नक्की करा. ४.६ इंजिनाला ४आर७०डब्ल्यू हा चार स्पीडचा गिअरबॉक्स येतो. खाली वाकून पॅनचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या तबकाचे, बोल्ट मोजा. १४ असतील तर तोच. २० निघाले तर तो मोठा ४आर१०० आहे आणि खालचे आकडे त्याला लागू नाहीत. ४आर७०डब्ल्यूला मर्कॉन-फाइव्ह (फोर्डच्या मानकाचं ट्रान्समिशन ऑइल) लागतं. कोणतं ऑइल घालायचं ते डिपस्टिकवरही छापलेलं असतं, पुसून वाचा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेल्या कॅनच्या नादी लागण्याचं कारण नाही, मर्कॉन-फाइव्ह कुठेही मिळतं.

आता थरथर. इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरच्या आत एक क्लच असतो. ठरावीक वेगाला तो लॉक होतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडले जातात. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायनं जुनी झाली की हा क्लच सफाईने न धरता पकड-सोड, पकड-सोड करायला लागतो. हायवेच्या कडेच्या खडबडीत रंबल स्ट्रिपवरून गाडी गेल्यासारखं वाटतं ते याचमुळे. गंमत अशी की एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल, म्हणजे त्यात इंधन नीट पेटत नसेल, तरी नेमकं असंच वाटतं, आणि या इंजिनांत इग्निशन कॉइल व प्लग हे काही दुर्मीळ दुखणं नाही. म्हणून साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड दाखवणारं यंत्र) लावून कोड वाचा. पी०३०० ते पी०३०८ पैकी काही दिसलं तर आधी कॉइल आणि प्लग बघा. पी०७४१ आला तर बोट कन्व्हर्टर क्लचकडे जातं. कोडच नसेल तर मोकळ्या रस्त्यावर थरथर सुरू असताना उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका, फक्त ब्रेकलाइट लागेल इतकाच दाबा. क्लच सुटतो, आरपीएम किंचित वाढतो. त्याच क्षणी थरथर थांबली तर ऑइल बदलून फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. (मिसफायरही लॉक सुटल्यावर कमी जाणवतो, म्हणून ही परीक्षा कोड वाचल्यानंतरच करायची.)

तपासण्यात बहुतेक लोक चुकतात, कारण इंजिन ऑइलची सवय असते. इंजिन ऑइल गाडी बंद करून बघतात. गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन चालू ठेवून. वीसेक मैल गाडी चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, मग पार्कमध्ये आणा. इंजिन सुरूच. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. ऑइल ६६ ते ७७ अंश सेल्सिअसला असताना पातळी जाळीच्या रेघांच्या पट्ट्यात यायला हवी. गार ऑइलची पातळी त्याच्या खाली दिसते. ती बघून वरून ऑइल ओतलं तर गरम झाल्यावर जास्त होणार. ट्रेलर ओढून आलात, किंवा भर उन्हात ट्रॅफिकमधून आलात, तर अर्धा तास थांबून मग तपासा.

जास्त ऑइल हे कमी ऑइलइतकंच वाईट. पातळी वर गेली की फिरते भाग ऑइल घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेने दाब बनत नाही. क्लच घसरतात, वर ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) ऑइल बाहेर पडून लोकांना वाटतं सील गेलं. कमी असेल तर पंप हवा ओढतो, परिणाम तोच. रिव्हर्स टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करून हलते, हे बहुधा कमी ऑइलचं लक्षण.

रंग पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकून बघा. लाल किंवा तांबूस-तपकिरी असणं ठीक. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा जळाल्यात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच थांबवा: रेडिएटरच्या टाकीतच गिअरबॉक्सचा कूलर असतो, तो आतून फुटून कूलंट मिसळलं आहे. पाण्याने क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं. अशा वेळी नुसतं ऑइल बदलणं म्हणजे पैसे वाया. रेडिएटर आधी, आणि गिअरबॉक्स उघडावा लागेल याची मनाची तयारी.

'ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो' या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण कारण-परिणाम उलटे धरलेत. गिअर आधीच घसरत असतात, मालक घाबरून ऑइल बदलतो, झिजलेल्या प्लेटा तशाही जाणारच असतात, आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. तुमची गाडी फक्त थरथरते; गिअर वेळेवर आणि घट्ट पडत असतील तर बदलायला हरकत नाही. तिसऱ्या गिअरला आरपीएम वाढतो आणि गाडी मागेच राहते, असं होत असेल तर ऑइलवर खर्च करू नका.

सामान: मर्कॉन-फाइव्ह १२ क्वार्ट (गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे १४ क्वार्ट, म्हणजे १३ लिटरच्या आसपास मावतं), फिल्टर, लांब नळीचा बारीक फनेल, मोठा पसरट ट्रे, मापाच्या खुणा असलेल्या रिकाम्या बाटल्या, इंच-पाउंडांचा टॉर्क पाना (बोल्ट मोजक्या जोराने आवळण्याचा), ब्रेक क्लीनर, आणि तंतू न सुटणारं कापड. फिल्टर घेताना काळजी घ्या. पॅन उथळ आणि खोल अशा दोन प्रकारचे असतात आणि फिल्टरही त्याप्रमाणे. जुना काढून नव्याशेजारी धरून उंची जुळते का पाहिल्याशिवाय बसवू नका. जॅकवर गाडी सोडून खाली शिरायचं नाही: स्टँड, चाकांना अडण्या, हे सांगायला लागू नये.

फोर्डने या पॅनला ड्रेन प्लग दिलेला नाही. पॅन सोडला की ऑइल चारी बाजूंनी खाली, बाहीतून काखेपर्यंत. त्यावर उपाय म्हणजे डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने जितकं येईल तितकं ऑइल आधी ओढून घ्यायचं. मग पॅनचे मागचे बोल्ट काढा, बाजूचे सैल करा, पुढचे दोन शेवटपर्यंत अर्धवट धरून ठेवा, म्हणजे पॅन मागच्या बाजूला झुकून एकाच कोपऱ्यातून रिकामा होतो. ऑइल कोमट असावं. वीस मैल चालवून लगेच खाली शिरलात तर ऑइल आणि सायलेन्सरचा पाइप, दोन्ही भाजतील.

पॅनमध्ये एखादं प्लॅस्टिकचं बूच पडलेलं दिसलं तर दचकू नका. कारखान्यात डिपस्टिकची नळी बसवेपर्यंत ते भोक बंद ठेवण्यासाठी लावलेलं असतं आणि नळी बसवताना आत ढकललं जातं. ते सापडलं म्हणजे हा पॅन आजवर कोणी उघडलेला नाही, इतकी माहिती फुकट मिळाली. लोहचुंबकावर करडा, लोण्यासारखा गाळ असणार, तो नेहमीचा. बोटांत धरता येतील असे धातूचे तुकडे, पितळी चकचकीत कण किंवा काळ्या अस्तराचे पापुद्रे असतील तर मात्र गिअरबॉक्सच्या मेकॅनिकला दाखवा.

फिल्टरला बोल्ट नाहीत, तो नुसता दाबून बसलेला असतो. सरळ खाली ओढा. इथे एक घोळ नेहमी होतो. जुन्या फिल्टरचं रबरी सील वर भोकातच चिकटून राहतं, दिसत नाही, आणि नवा फिल्टर आपल्या सीलसकट त्याच्यावर दाबला जातो. मग तो पूर्ण बसत नाही, पंप हवा ओढतो आणि सुरू केल्यावर गिअरबॉक्स कण्हतो. बोट घालून चाचपा. सील असेल तर भोकाला ओरखडा न पाडता हळूच काढा. नव्या सीलला ऑइल लावून फिल्टर दाबा.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जवळपास पॅनइतकंच ऑइल अडकून असतं आणि तुमची थरथर तर तिथलीच. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या, खाली रबरी बूच आहे, ते काढा. पुढे जाऊन क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढच्या मोठ्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा, भोकातून कन्व्हर्टरचा ड्रेन प्लग दिसेपर्यंत. काही कन्व्हर्टरना हा प्लग नसतो. पूर्ण फेरा होऊनही दिसला नाही तर तो नाहीच असं समजा. असेल तर काढा आणि सावकाश निथळू द्या. बसवताना आटे निमुळते असतात, म्हणून अंगाचा जोर लावू नका.

निघालेलं सगळं ऑइल मोजा. पॅनमधून साधारण ५ क्वार्ट, कन्व्हर्टरसकट ९ ते ११. जितकं निघालं त्यापेक्षा एखादा क्वार्ट कमी घालून सुरुवात करायची आणि बाकीचं डिपस्टिक सांगेल तसं, एवढा एक नियम पाळला तरी पातळीचा घोळ होत नाही.

पॅन ब्रेक क्लीनरने धुवा, चुंबक पुसून जागेवर ठेवा. कंपनीचं मूळ गास्केट रबराचं, आत पत्रा असलेलं असतं. फाटलेलं नसेल तर तेच पुन्हा वापरा. स्वस्त किटमध्ये येणाऱ्या कॉर्कच्या पॅकिंगपेक्षा ते केव्हाही बरं, आणि वर सिलिकॉन अजिबात फासू नका, त्याचे तुकडे आत जाऊन फिल्टरला चिकटतात. बोल्ट आधी हाताने, मग मधून कडेला आलटून-पालटून सुमारे १३ न्यूटन-मीटर, म्हणजे ११५ इंच-पाउंडांच्या आसपास. हे फार कमी वाटेल, पण गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. जास्त आवळलं तर पॅनची कड वाकून गळती सुरू होते किंवा आटे जातात.

आता भरणं. नुसता पॅन काढला असेल तर डिपस्टिकच्या नळीतून ४ क्वार्ट ओता आणि इंजिन सुरू करा. कन्व्हर्टरही रिकामा केला असेल तर ५ क्वार्ट ओतून सुरू करा, लगेच आणखी ३ घाला, कारण पंप ते ऑइल कन्व्हर्टरमध्ये ढकलतो आणि पॅनमधली पातळी झपकन खाली जाते. हे काम दोघांनी करावं, एक जण चावीपाशी. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. मग ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, पार्कमध्ये आणा, आणि अर्धा-अर्धा क्वार्ट घालत तपासा. ओतल्या-ओतल्या नळी आतून ओली असते, त्यामुळे डिपस्टिकच्या एका बाजूला ऑइल वर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला खाली. खालची बाजू खरी. पहिल्या दिवशी पट्ट्याच्या थोडं खालीच ठेवा. वीस मैल फिरून, गरम ऑइलवर, वर लिहिलेल्या पद्धतीने शेवटचं माप घ्या आणि पॅनभोवती बोट फिरवून ओल येते का बघा.

मशिनने फ्लश करण्याला माझा विरोध एवढ्यासाठी की त्यात फिल्टर आणि पॅन न उघडताच काम झालं म्हणतात; आतला गाळ दिसतच नाही, आणि तोच तर बघायचा असतो.

थरथर लगेच गेली नाही तर घाई करू नका; काहीशे मैल चालू द्या. तरी उरली तर थरथरीसाठी लुबेगार्ड कंपनीची, ऑइलमध्ये मिसळायच्या द्रावाची छोटी ट्यूब मिळते, ती एकदा घालून बघायला हरकत नाही. त्यानेही गेली नाही तर बहुधा कन्व्हर्टर क्लचच झिजलाय. यापुढे ट्रेलर ओढत असाल किंवा गाडी कायम शहरातल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये फिरत असेल तर दर ३०,००० मैलांना ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल झाकण लावून ऑटोझोन किंवा ओ'रायलीच्या दुकानात न्या, फुकट घेतात. त्यात कूलंट मिसळलेलं असेल तर घेत नाहीत.

हे वाचून कोणी नव्या एफ-१५० खाली शिरणार असेल तर: सहा स्पीडच्या ६आर८० ला इंजिनखान्यात डिपस्टिक नसते, ती गिअरबॉक्सच्या अंगावरच, भरायच्या प्लगला जोडलेली आखूड कांडी असते, तीही गरम एक्झॉस्टच्या शेजारी. त्याला मर्कॉन-एलव्ही, दहा स्पीडच्या १०आर८० ला मर्कॉन-यूएलव्ही. ही ऑइलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आणि महाराष्ट्रात 'पिकअप' म्हणून दिसणाऱ्या बोलेरोला यातलं काहीच लागू नाही; तिचा गिअरबॉक्स मॅन्युअल, त्यात गिअर ऑइल जातं, त्याची पातळी बाजूच्या प्लगमधून, इंजिन बंद ठेवून बघतात.