जुनं पार्टिशन लिनक्सला जोडताना

पार्टिशनवर डेटा आहे ना? मग फॉरमॅटच्या, म्हणजे ‘एमकेएफएस’च्या, वाटेलाही जाऊ नका. इथे फक्त माउंट करायचं आहे, म्हणजे पार्टिशन एका फोल्डरला जोडायचं आहे.

आधी टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. फाइल सिस्टिमचा प्रकार आणि यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. तो कॉपी करा. ‘एसडीबी१’सारख्या नावावर विसंबू नका, दुसरी डिस्क लावली की ते बदलू शकतं.

मग ‘एमएनटी’खाली ‘डेटा’ नावाचं रिकामं फोल्डर करा. ‘ईटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’ची (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलची) प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइल सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, उघडा. शेवटी एका ओळीत, मध्ये स्पेस देऊन, सहा रकाने: ‘यूयूआयडी=’ आणि पुढे कॉपी केलेला क्रमांक, फोल्डरचा पूर्ण पाथ, एक्स्ट४ (किंवा वर दिसलेला प्रकार), ‘डिफॉल्ट्स,नोफेल’, ०, २. ‘डिफॉल्ट्स,नोफेल’मधल्या स्वल्पविरामानंतर स्पेस पडली की रकाने सरकलेच. ‘नोफेल’ विसरलात आणि डिस्क सापडली नाही, तर सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारी यंत्रणा) साधारण ९० सेकंद वाट बघते आणि तुम्हाला इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन बसवते.

लगेच रीबूट नको. ‘सुडो माउंट -ए’ द्या. ओळीत चूक असेल तर बहुतेक वेळा इथेच कळेल. काहीच छापलं नाही तरी ‘एलएसबीएलके -एफ’ने माउंट झालंय ना ते बघा, कारण ‘नोफेल’ असताना चुकीच्या यूयूआयडीची तक्रार येत नाही.

माउंट झालं, पण लिहिता येत नाही? एक्स्ट४मध्ये मालकी डिस्कवरच नोंदलेली असते, म्हणून माउंट केल्यावर ‘चोन’ (मालक बदलणारी कमांड) वापरा. एक्स्ट४च्या ओळीत ‘यूआयडी=१०००’ (मालकाचा क्रमांक) लिहिलंत तर माउंटच होणार नाही; तो पर्याय एनटीएफएससाठी, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमसाठी, आणि त्यात शेवटचा रकाना ०. एनटीएफएस नुसतं वाचता येत असेल, तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि पूर्ण शटडाउन करा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.