आधी तक्ता पाठव

प्रिय मुली,

परवा फोनवर दोनदा विचारलंस, "मावशी, मी इथे वाया चाललेय का?" मायक्रोइकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्स, दोन्हींत ए, आणि तरी वाया, म्हणून कॉलेज बदलून दुसरीकडे ट्रान्स्फर घ्यायची! तेव्हा मी गप्प बसले, कारण चिडले होते. तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त.

आधी तुझी यादी, जिथे जायचंय त्या कॉलेजांची. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं व्हार्टन, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं स्टर्न, बर्कलीचं हास, ही बिझनेस स्कूल्स, आणि खाली हार्वर्ड, प्रिन्स्टन. अगं, बिझनेस शिकायचंय ना? मग या शेवटच्या दोघांकडे बॅचलरला बिझनेसची डिग्रीच नाही. हार्वर्डचं ते नावाजलेलं बिझनेस स्कूल एमबीएवाल्यांचं. तिथे जाऊन तू इकॉनॉमिक्सच घेणार, जे आत्ताही घेतेच आहेस. बर्कली ट्रान्स्फरमध्ये प्राधान्य देतं कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या, मुलांना. तू त्यातली नाहीस. तक्ता मांडला असतास तर पाच मिनिटांत कळलं असतं.

तक्ता म्हणजे काय, तर एका बाजूला तू घेतलेले कोर्स, समोर नव्या ठिकाणी ते कशात धरणार, मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, की नुसते इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक जादा विषय म्हणून, आणि त्यावरून उरलेली सेमिस्टर. मी कॉलेज बदललं तेव्हा "क्रेडिट्स (पुऱ्या केलेल्या कोर्सचे गुणांक) ट्रान्स्फर होतात" या एका वाक्यावर विसंबले. झाली ना, सगळी झाली! पण अकाउंटिंग जाऊन पडलं इलेक्टिव्हमध्ये. तिसऱ्या वर्षी मी पुन्हा फायनान्शियल अकाउंटिंगला बसले, माझ्याहून लहान मुलांत. पुस्तक तेच, समासात माझ्याच पेन्सिलच्या खुणा. सरांनी फळ्यावर मोठा टी काढला, डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट, आणि मी मान खाली घालून वहीत उतरवून घेतलं. त्या सेमिस्टरची फी बाबांनी कुठून आणली, हे मी अजून विचारलेलं नाही.

आणखी एक. इन्व्हेस्टमेंट बँका तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मुलं दुसऱ्या वर्षातच हेरतात. तिसऱ्या वर्षाला गेलीस तर तू बॅगा उघडेपर्यंत बऱ्याच जागा गेलेल्या असतील. जायचंच तर दुसऱ्या वर्षाला जा. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बहुतेक ठिकाणी नव्याने सुरू होतो, आत्ताची स्कॉलरशिप तर सोबत येतच नाही. हेही तक्त्यात लिही.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या संशोधकांचा २००२चा पेपर पाठवला होता, १९७६ साली कॉलेजात गेलेल्यांवरचा. निवडक, म्हणजे प्रवेश अवघड असलेल्या, कॉलेजांत प्रवेश मिळूनही दुसरीकडे शिकलेली मुलं पुढे कमाईत सरासरी मागे पडली नाहीत. गरीब घरच्यांना मात्र निवडक कॉलेजचा फायदा दिसला. तू म्हणालीस, जुना आहे. आहेच. मीही जुनी आहे.

मग तू का गेलीस, असं विचारशील. गेले, आणि चुकले असं आजही म्हणणार नाही. तिथे एका बाईंनी ऑपरेशन्स, म्हणजे धंद्यातलं रोजचं कामकाज चालवणं, शिकवलं, त्यावर माझं पोट चाललंय. (आधीच्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्येही ऑपरेशन्स होतं. मी ते पान उलटलं नव्हतं, एवढंच.)

तेव्हा प्रत्येक बिझनेस स्कूलच्या ट्रान्स्फर ॲडव्हायझरला ईमेल कर, कोर्सचे सिलॅबस जोड. क्रेडिट्सचा अधिकृत हिशेब प्रवेशानंतरच देतो म्हणतील; तरी विचार, आणि प्रवेश मिळाला तर जागा पक्की करायचं डिपॉझिट भरण्याआधी लेखी घे. फोनवरचं "होईल बहुतेक" धरू नकोस. अर्जासोबतचा निबंध चांगला आहे, पण 'मला आणखी आव्हान हवंय' हा परिच्छेद काढ. शेजारच्या बाकावरच्या मुलांना नावं ठेवल्यासारखा वाटतो.

बहुतेक अर्जांची मुदत मार्चमधली, तिला अजून अवकाश आहे. रविवारपर्यंत तक्ता पाठव. त्याआधी निबंधाची नवी प्रत पाठवलीस तर मी उघडणार नाही.

तुझी,
मावशी